न पाहिलेल्या बागेचे आबा

आबांनी ती बाग कधी पाहिलेली नव्हती. हे ते स्वतःच सुरुवातीला सांगून टाकत, म्हणजे मग कोणी विचारायला नको. "मी गेलेलो नाही. पण तुम्हाला दाखवतो," म्हणायचे आणि चालू पडायचे. मागे आम्ही.

आम्ही म्हणजे दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॅम्पात राहणारी, बागा लावणाऱ्या कंपनीतली माणसं. आबा आमचे फोरमन. नाव मारुती गोळे, पण ते फक्त त्यांच्या बताक्यावर होतं. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. बाकी नेपाळी असो की केरळचा, सगळ्यांचे ते आबाच. गाव वाईच्या वरच्या अंगाला, पाचगणीच्या वाटेवर. आईवडील तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, शाळेत बहाई धर्माची इराणी मास्तरमंडळी होती, आणि तिथून तो धर्म यांच्या घरात आला. एवढंच मला माहीत आहे. त्यापुढे विचारलं तर आबा म्हणत, "धर्माचं माझं माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. बागेचं काय ते विचार."

बाग म्हणजे बहाई लोकांची पवित्र जागा. समुद्राकाठचा एक डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने कापून काढलेला आहे. एकूण एकोणीस टप्पे. मधल्या टप्प्यावर सोनेरी घुमटाची समाधी, नऊ टप्पे तिच्या वर, नऊ खाली. जगभरातून माणसं बघायला येतात, कोणत्याही धर्माची, तिकीट नाही. गावाचं नाव हैफा. हे नाव आबा कॅम्पात हळू घेत, कारण ते ज्या देशात आहे त्याच्या बातम्या मेसमधल्या टीव्हीवर रोज असायच्या आणि चांगल्या कधीच नसायच्या. मी तर ते नाव मनातसुद्धा हळू घेई.

मी मुळातच भित्रा. परभणीकडचा. इथे आलो तेव्हा दर थोड्या वेळाने खिसा चाचपून बताका आहे का बघायचो. कोणी साहेब माझ्याकडे बघून हसला तर वाटायचं, आता परत पाठवणार. नाही हसला तरी तेच वाटायचं. पहिल्या दिवशी मला ठिबकच्या पाइपांच्या कामावर आबांच्या हाताखाली दिलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शाळा कुठवर?"

"आठवी पास. नववीत गेलतो, मग सोडली."

"कोणत्या धड्यावर सोडली?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. का सोडली, हे सगळेच विचारायचे. मी आठवून सांगितलं, "भूगोल चालू होता. पठारं."

"मग डोंगर राहिले असतील."

"असतील."

"हरकत नाही," आबा म्हणाले. "शुक्रवारी सकाळी तयार राहा. आंघोळ करून."

आता कतार हा देश तव्यासारखा सपाट. इथे डोंगर शिकवायचे कुठे, हा प्रश्न मला रात्रभर पडला. शुक्रवारी आबा आम्हाला एशियन टाउनला घेऊन गेले. तिथे बाकीचे लोक सिनेमाला, केस कापायला, घरी पाठवायची चॉकलेटं घ्यायला जातात. आम्ही क्रिकेटच्या स्टेडियमला गेलो. मॅच नसली की तिथला नेपाळी वॉचमन आबांना आत सोडायचा. प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्या होत्या, त्यांच्या तळाशी आबा उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि सलीमला म्हणाले, "तंबाखू थुंकून ये. बागेत चालत नाही."

सलीम आमच्या गाडीचा ड्रायव्हर, दापोलीकडचा. तो म्हणाला, "ओ आबा, बाग कुठाय? हे प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गाव हाय."

"तुला दिसत नाही म्हणून थुंकायचं का?"

सलीम बाहेर जाऊन थुंकून आला.

मग आबा एकेक पायरी चढत बाग दाखवायला लागले. हा पहिला टप्पा. इथे लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंनी पायऱ्यांच्या कडेने पाणी खाली वाहतंय, आवाज ऐका. हे सरूचं उंच झाड, ही हिरवळ, हे लाल जिरेनियम, ह्या वाटा जुनी लाल कौलं कुटून केलेल्या. त्या वाटेवर नाही चालायचं, रे. मी चटकन पाय उचलला. पाय सिमेंटवर होता. एका टप्प्यावर दगडी मोर असतो, एकावर गरुड. मधे आल्यावर आबा गप्प झाले आणि आम्हालाही गप्प बसायला लावलं, कारण तिथे समाधी होती. वॉचमनने लांबून विचारलं, "क्या हुआ?" आबांनी त्याला हातानेच थांब म्हटलं. तोही गप्प उभा राहिला.

वर पोचून मागे वळलं की समोर समुद्र दिसतो, असं आबांनी सांगितलं. आम्हाला एक सुपरमार्केट आणि त्याच्या मागे लेबर कॅम्पांच्या गच्च्या दिसल्या. पण खरं सांगतो, मी कतारला आल्यापासून त्या सकाळी पहिल्यांदा खिसा चाचपायला विसरलो.

हे असं दर नव्या माणसाला एकदा. आम्ही जुने लोकही पुन्हा पुन्हा जायचो, दुसरं काही फुकट नव्हतं म्हणून, आणि नंतर नंतर सवयीने.

आबांच्या धर्मात कोणाच्या माघारी त्याच्याबद्दल वाईट बोलणं हे मोठं पाप. लेबर कॅम्पात असा नियम पाळणं म्हणजे काय, हे कॅम्पात राहिलेल्यालाच कळेल. तिथे दुसरा विषयच नसतो. आमचा तेव्हाचा कॅम्प बॉस पाण्याचा नळ बंद करून स्वतःच्या खोलीत एसी लावून झोपायचा. संध्याकाळी मेसच्या दारात आम्ही बसलो की कोणीतरी सुरू करायचं, "हा माणूस आहे का कोण..." की आबा उठलेच. रागावून नाही, काही बोलून नाही. कोपऱ्यात एक बोगनवेल होती, तिला मगाने पाणी घालायला जायचे. बोलणं संपेपर्यंत घालत राहायचे. आता बोगनवेलीचं असं आहे की तिला पाणी जास्त झालं तर पानं येतात, फूल येत नाही. आबा माळीकामातले जुने, त्यांना हे माहीत होतंच. पण बोलणं थांबत नसे, मग ते काय करणार? दोन हिवाळे ती वेल नुसती हिरवीगार. पुढे तो कॅम्प बॉस गेला, नवा आला, तो बरा निघाला. त्या वर्षी बोगनवेल अशी फुलली की ऑफिसातले लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढून गेले.

एकदा मी त्यांना म्हटलं, "आबा, तुमच्या मनात कधी कोणाबद्दल येतच नाही का?"

"येतं की."

"मग?"

"मग मी पाणी घालायला जातो."

अल रय्यानमधल्या एका मोठ्या व्हिलाचं काम आम्ही केलं, त्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मालक तरुण होता. कामाच्या सुरुवातीला त्याने आबांच्या मोबाईलवरचा फोटो पाहिला. आबांच्या मोबाईलवर त्या बागेशिवाय दुसरा फोटो नसायचाच. मालक म्हणाला, मला असंच पाहिजे. आमचा इंजिनियर हो म्हणून मोकळा झाला. आबा मालकाला म्हणाले, "अरबाब, ये उन्नीस है. यहाँ उन्नीस करेंगे तो हवाई जहाज को लगेगा."

शेवटी ट्रकने माती आणून एक टेकाड केलं आणि त्यावर तीन टप्पे बसवले. पायऱ्यांच्या कडेने पाणी सोडलं, ते पाइप मी टाकले. काम झालं त्या दिवशी मालक तिसऱ्या टप्प्यावर जाऊन उभा राहिला आणि खाली आबांना विचारलं, "बाकीचे सोळा कसे आहेत?"

इंजिनियर म्हणाला, "सर, इट इज ओन्ली कन्सेप्ट."

आबा मात्र टेकाड चढून त्याच्या शेजारी गेले आणि हवेत हात करून एकेक सांगायला लागले. हा चौथा. इथे मोर. हा पाचवा. त्यांच्या मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत. मालकाने काळा चष्मा काढला. दोघं मिळून रिकाम्या आभाळाकडे बघत होते, आणि ते इतका वेळ चाललं की इंजिनियर सावलीत जाऊन बसला. शेवटी मालकाने विचारलं, "ही बाग आहे कुठे?"

मी बताका चाचपला. आबा खोटं बोलत नसत, हे मला माहीत होतं, आणि तेच तर वाईट होतं.

"दूर है," आबा म्हणाले. "पहाड पे. सामने समुद्र."

"बैरूत?"

"नहीं. समुद्र वोही."

मालकाने त्यांच्याकडे बघितलं. मग "माशाल्ला" म्हणाला आणि चष्मा पुन्हा घातला. चहा आला, खजूर आले. मी खजूर खाल्ला तो चवीला कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या बागेच्या यात्रेला असं उठलं आणि गेलं, असं बहाई माणसाला करता येत नाही. आधी नाव द्यायचं आणि पाळीची वाट बघायची. पाळी यायला वर्षं जातात. पाळी आली की ठरलेल्या दिवसांत तिथे राहायचं, समाधीला जायचं, बागेत फिरायचं. आबांची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा तिकडे लढाई पेटली आणि यात्राच थांबली. आबांनी पुन्हा नाव दिलं. पहिल्या वेळी अर्जात दोन नावं होती, त्यांचं आणि बायकोचं. दुसऱ्या वेळी एक.

दुसऱ्यांदा पाळी आल्याचं कळलं तेव्हा आबांचे गुडघे गेलेले होते. उभा जन्म उकिडवं बसून रोपं लावलेली. डॉक्टरने सांगितलं, गुडघ्यातली गादी झिजली, आता जपून. कंपनीनेही वयामुळे त्यांचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. म्हणजे कायमचं घरी जायचं आणि तिथून मुंबईवरून यात्रेला. आबांना एकच काळजी, ते टप्पे आपल्या पायांनी होतील की नाही. दुसरं काही त्यांनी कधी मागितलेलं मी ऐकलं नाही.

मग रोज कामावरून आलं की सराव. स्टेडियम लांब, म्हणून कॅम्पाचा जिना. आबा खालून वर चढायचे, कठड्याला धरून. मी मागे, पडले तर धरायला. सलीम वरून ओरडायचा, "यल्ला, चला आबा, समाधी आली! चप्पल काढा!" आणि आबा खरोखर दुसऱ्या मजल्यावर थांबून दम खायचे. महिनाभरात बऱ्यापैकी चढायला लागले.

त्यांचे जायचे कागद आमच्या वेस्ट बेच्या ऑफिसातल्या लोपीस मॅडम बघत होत्या. मॅडम वसईच्या. आमच्यासारख्यांशी मराठीत बोलणारी ऑफिसातली ती एकच बाई. आबा सही करायला गेले तेव्हा इंग्रजी वाचायला म्हणून मला बरोबर नेलं, आणि मला इंग्रजी येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मॅडमने सहज कॉम्प्युटरवर त्या बागेची माहिती उघडली.

"बघा आबा, किती छान लिहिलंय. व्हिजिटर्सना गाइड फुकट देतात. टूर वरून सुरू होते."

"वरून?"

"हो. टॉपला नेतात आणि मग पायऱ्या उतरत उतरत खाली आणतात. वॉक डाउन. इथे लिहिलंय ना."

आबा खुर्चीत बसले होते, ते आणखी बसले.

"खालून वर नाही नेत?"

"पाहुण्यांना नाही नेत. चढायला त्रास होतो ना लोकांना. तुम्ही यात्रेला जाणार, तुमचं वेगळं असेल, मी विचारून घेते..."

"माझं राहू द्या, बाई," आबा म्हणाले. "मी पाहुण्यांना इतकी वर्षं उलटी बाग दाखवली."

मॅडमना हसू आलं. मग त्यांनी आबांचा चेहरा बघितला आणि प्रिंटरमधला कागद सारखा करायला लागल्या.

पुढच्या शुक्रवारी सगळ्या कॅम्पाला निरोप गेला: बाग चुकीची दाखवली गेली आहे, ज्यांनी पाहिली त्यांनी परत यावं. बरेच आले. आबांनी आम्हाला स्टेडियमच्या अगदी वरच्या पायरीवर नेलं, सगळ्यांची माफी मागितली आणि पहिल्यापासून पुन्हा दाखवत खाली आणलं. गरुड आधी आला, मोर नंतर. मधे समाधीपाशी सगळे गप्प. वॉचमनही उतरला आमच्याबरोबर, त्याने मागच्या वेळी चढतानाही ऐकलेलं होतं. सलीम म्हणाला, "आबा, आमाला काय फरक पडतो? वरून काय नि खालून काय?"

"खालून दाखवली की समुद्र पाठीमागे राहतो," आबा म्हणाले. "मी तुम्हाला समुद्राकडे पाठ करून नेलं."

प्रश्न उरला जे घरी गेले त्यांचा. आबांनी त्यांना फोन लावले. संध्याकाळी मेसच्या दारात बसून एकेकाला. "हॅलो, पांडुरंग? आबा बोलतोय, दोह्यावरून. बरा आहेस ना? पोरं? हां. अरे ती बाग दाखवली होती ना मी तुला, ती उलटी होती. वरून खाली यायचं असतं... नाही नाही, पैशाचं काही नाही. फक्त सांगायला केला." पलीकडच्या माणसाला काय कळायचं कोण जाणे. एकाने म्हणे विचारलं, "कोणती बाग?" त्याला आबांनी फोनवर पूर्ण दाखवली, वरून खाली.

पण यातून खरी अडचण निघाली ती निराळीच. गुडघे दुखणाऱ्याला चढणं जमतं, उतरणं जमत नाही. सगळा भार उतरताना येतो. आबांनी महिनाभर चढायचा सराव केलेला, आणि आता ते म्हणायला लागले की आपणही उतरणार, वरून खाली, सगळे टप्पे, पाहुण्यांना नेतात तसे. मी म्हटलं, "आबा, तुम्ही यात्रेकरू. तुम्हाला कोणी म्हटलंय का उतरा म्हणून?"

"मी इतक्या जणांना उतरायला सांगितलं. स्वतः गाडीतून येऊ?"

जिन्यावर पहिल्याच दिवशी तिसऱ्या पायरीला त्यांचा पाय लटपटला. मी धरलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, पाठ खाली केली आणि उलटे उतरायला लागले, शिडीवरून उतरतात तसे. आश्चर्य म्हणजे जमलं. गुडघ्याला भार कमी येतो. वर तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत आबा खाली येत होते, आणि कॅम्पातली माणसं जिन्याच्या खाली उभी राहून बघत होती.

"आबा, समुद्राकडं पाठ!" सलीम ओरडला.

आबा थांबले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बराच वेळ तसेच उभे राहिले, दोन पायऱ्यांच्या मध्ये. मग वर गेले, तोंड खाली केलं आणि पुन्हा सरळ उतरायला लागले. दात आवळून. तेव्हापासून जायच्या दिवसापर्यंत सरळच. रात्री मी त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळायचो. ते नको म्हणायचे, मी चोळायचो. मला इथे माणूस म्हणून उभं केलं ते आबांनी. मला दुसरं काय करता येणार होतं?

विमानतळावर आम्ही त्यांना सोडायला गेलो तेव्हा सलीमने विचारलं, "आबा, पोचल्यावर फोटो पाठवाल ना?"

"इन्शाल्ला," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "घाबरू नको. घाबरलास तरी कामावर जा."

त्यानंतर ते मला दिसले ते एका व्हिडिओत. त्यांच्याबरोबर यात्रेला गेलेल्या कोणा बाईने काढून पाठवलेला. आता ते गावी मुलीकडे असतात, फोनला रेंज नसते, आणि मी अजून सुट्टीवर गेलेलो नाही. म्हणून माझ्यासाठी शेवटचे आबा ते व्हिडिओतलेच.

व्हिडिओ खालच्या बाजूने घेतलेला आहे. पायऱ्या पांढऱ्या, कडेने पाणी, दोन्हीकडे सरू. समाधी कुठे तरी मागे, उन्हात. मधे आबा, इस्त्रीचा शर्ट घातलेले, कठड्याला एक हात. एक पाय खाली टाकतात, थांबतात, दुसरा त्याच्याशेजारी आणतात. पुन्हा थांबतात. बाकीची माणसं त्यांना ओलांडून भराभर उतरून जातात. एक तरुण गाइड पोरगी त्यांच्याजवळ येते आणि इंग्रजीत विचारते, अंकल, गाडी बोलवू का, वरच्या रस्त्याला येते. आबा मान हलवतात. घाम पुसतात. ती पुन्हा विचारते.

"नो, थँक्यू," आबा म्हणतात. मग अंगठ्याने पाठीमागे दाखवून, त्यांच्या त्या इंग्रजीत, "माय पीपल आर कमिंग बिहाइंड. आय ॲम शोइंग."

पोरगी वर बघते. आबांच्या मागच्या पायऱ्यांवर कोणी नाही.

ती बाजूला होते. आबा पुढचा पाय खाली टाकतात.